वैनगंगेवरील एक मत्स्यविनोद

मासे धरण्याच्या विद्येविषयी या मासिकात, आणि तेही जन्मभर संस्कृत शिकविलेल्या एका शाकाहारी मास्तराने लिहावे, हे कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात गळ, दोरी व माशांस घालावयाचे खाद्य यांचा मोठ्या शास्त्रीय थाटाने विचार केला आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन संस्थानात नोकरीस असलेला माझा एक जुना विद्यार्थी गेल्या श्रावणात भंडाऱ्यास आला आणि “गुरुजी, उद्या नदीवर येता का?” असे त्याने विचारले, तेव्हा याच ग्रंथाचा आधार काढून मी होकार दिला. गृहमंडळींस तो आधार पटला नाही.

सकाळी उघडीप होती. रोवणी आटोपलेल्या धानाच्या बांध्यांमधून आम्ही दक्षिणेकडे गेलो आणि अंभोऱ्यासमोरच्या, आपल्या जिल्ह्याच्या बाजूच्या काठावर उतरलो. अंभोऱ्यास वैनगंगेला कन्हान, आम, मुर्झा व कोलारी या नद्या मिळतात. पलीकडे टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे, आणि मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ येथेच रचला अशी या भागातील परंपरा आहे. (आंबेजोगाईकरांस हे मान्य होणार नाही; तो वाद येथे नको.) पण माझ्या लहानपणी ज्यांनी हा संगम पाहिला, त्यांस तो आज ओळखू यावयाचा नाही. खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्द येथे १९८८ साली ज्या धरणाची पायाभरणी झाली, त्याचा फुगवटा येथवर आला आहे. वाळूचे दांडे, डोह, खळाळ, सारे एका संथ पाण्याखाली गेले. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत व तेथून इकडे येते, आणि त्यावर पोसलेल्या जलपर्णीने काठ झाकून टाकला आहे. नदीच्या जागी आता तलाव आहे म्हणाना! वाहत्या पाण्याचे मासे त्यामुळे मागे हटले. मरळ मात्र या गढूळ, गवताळ पाण्यात सुखाने राहतो, कारण त्याला पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेता येते.

विद्यार्थ्याची नऊ फुटांची काठी वेताहून हलकी होती. तिच्या दोरीस जोडलेली ‘माशी’ म्हणजे हरणाच्या केसांचे बांधलेले एक बेडूक होते. त्याला वजन असे जवळजवळ नाहीच. गोफणीत दगड दोरीस ओढून नेतो; येथे उलट, जाड दोरीच्या वजनानेच ते बेडूक पुढे जाते. दोरी मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबावे आणि मगच पुढे फेकावी, यात सारी खुबी. मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा बेडूक माझ्याच धोतरास लागले.

विस्कॉन्सिनमध्ये तो याच काठीने ‘मस्की’ नावाच्या माशामागे हिंडतो. हा मासा कधी कधी चार फुटांहूनही लांब वाढतो, गवतात दबा धरून बसतो, आणि गळास इतका क्वचित लागतो की तिकडे त्यास दहा हजार फेकींचा मासा म्हणतात. मरळ हा त्याच स्वभावाचा. म्हणून त्याला आपल्या नदीवरची ही हौस. धरलेला मासा तो सोडून देतो. गळास उलटा काटा ठेवीत नाही, हात ओले केल्याशिवाय माशास स्पर्श करीत नाही. भूक नसता एखाद्या जिवास ओढून काढावे आणि मग त्याची काळजी वाहावी, हा प्रकार मला पटला नाही व तसे मी बोलूनही दाखविले. तो नम्रपणे हसला.

इतक्यात जलपर्णीच्या एका मोकळ्या फटीत पाणी उकळल्यासारखे बुदबुदू लागले. तांबूस-नारिंगी रंगाच्या बारीक जिवांचा एक पुंजका वर येई आणि पुन्हा खाली जाई. विद्यार्थ्याचे डोळे चमकले. “याच्या खाली मोठा मासा असणारच,” असे म्हणून त्याने काठी उचलली. जवळच डोंग्यात एक वृद्ध ढिवर जाळे सोडवीत बसले होते. त्यांनी तेथूनच हात वर केला.

“भाऊ, तिकडे नोका टाकू. लेकरं हायेत त्याची.”

मग त्यांनी जे सांगितले ते मी कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते. ती मरळाची पिले. आईबाप खाली पहारा करतात आणि जवळ आलेल्या बेडकावर, मग तो केसांचा का असेना, भुकेने नव्हे तर रागाने तुटून पडतात. म्हणून तेथे मासा हमखास लागतो. पण रक्षक दोन क्षण जरी वर ओढला गेला, तरी भोवतीचे मासे पिलांचा फडशा पाडतात. विद्यार्थ्याने काठी खाली केली. तो बराच वेळ बोलला नाही. मस्की अंडी घालून निघून जातो, मागे वळून पाहत नाही. तिकडचा कायदा अंडी घालण्याच्या दिवसांत मासेमारी बंद ठेवतो आणि तेवढ्याने काम भागते. सोडून दिले की पाप फिटले, हा त्याचा नियम त्या माशापुरता खरा होता. मरळाचे गणित निराळे, आणि ते येथे ढिवरांच्या घरी पाठ आहे. अशी घरे आता जाळी विकू लागली आहेत, हेही बाबांनी जाता जाता सांगितले. त्यांची मुले नागपुरास कामाला आहेत.

पुढे नाल्याच्या तोंडाशी, पिले नसलेल्या जागी, तासाभराने एक मरळ लागला. पाणी फाटल्यासारखा आवाज झाला, काठी कमानीसारखी वाकली आणि, खोटे कशास सांगू, मीच “सैल सोड, सैल सोड!” म्हणून ओरडलो. हातभर लांबीचा तो काळपट, सापाच्या डोक्याचा मासा क्षणभर ओल्या तळव्यांत राहिला आणि निघून गेला. बाबा डोंग्यातून पाहत होते.

“सोडला?” त्यांनी विचारले. “मंग धरला कायले?”

विद्यार्थी माझ्याकडे पाहू लागला. मी चैतन्येश्वराच्या कळसाकडे पाहत राहिलो.

घरी परतल्यावर, माशास बोटही लावले नसल्याचे मी परोपरीने सांगितले. तरी मला मागील दाराने थेट न्हाणीघरात पाठविण्यात आले.