भरदार खर्ज

आमच्या घरी वाद्य म्हटले की ते एकच : तीर्थरूपांनी मिरजेहून आणलेला तंबोरा. गवसणी घातलेला तो तंबोरा माजघराच्या कोपऱ्यात उभा असे आणि हात धुतल्यावाचून त्याला कोणी शिवत नसे. अशा वळणात वाढलेल्या आम्हांस गिटार हे वाद्य सहलीच्या मोटारीत शोभणारे वाटे, यात नवल नाही. चिरंजीव अकरावीत असताना मित्राची गिटार घेऊन घरी आले, तेव्हा आम्ही ती त्याच संध्याकाळी परत करावयास लावली. त्यांनी वाद घातला नाही. अभ्यास केला, अभियंता झाले आणि नोकरीनिमित्त अमेरिकेतील मिशिगन राज्यात स्थायिक झाले.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत सौभाग्यवतींसह आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या खोलीत एक गिटार दिसली. रंग उडालेला, कडा घासलेल्या, पुढच्या लाकडावर एक बारीक चीर. पगारातून पैसे साठवून त्यांनी ती जुनीच विकत घेतली होती. आमच्यादेखत मात्र ते ती हातात घेत नसत. रात्री आम्ही निजलो असे समजून दाराआड हलकेच वाजवीत. भिंतीपलीकडून येणारे ते स्वर ऐकत आम्ही जागे असू, पण उठून दार उघडण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

चीर सांधण्यासाठी ती कलामाझू गावातील एका वृद्ध कारागिराकडे न्यायची होती. आम्हीही सोबत निघालो. वाटेत चिरंजीवांनी सांगितले की, ही गिटार त्याच गावी गिब्सन कंपनीच्या कारखान्यात युद्धकाळात तयार झालेली. म्हणजे आमच्या जन्माच्याही बरीच आधीची! हिला ‘जे-४५’ म्हणतात. ‘जे’ म्हणजे जंबो. १८८२ साली अमेरिकेत आलेल्या एका प्रचंड हत्तीमुळे हा शब्द तिकडे लोकांच्या तोंडी बसला. ध्वनिवर्धक सर्रास नव्हते तेव्हा गायकाला साथ करणारी गिटार मोठ्या आवाजाची हवी असे. म्हणून १९३४ साली गिब्सनने रुंद पोटाची ‘जंबो’ काढली. पुढे १९३७-३८ मध्ये चित्रपटांतून गाणाऱ्या रे व्हिटली यांच्यासाठी सुमारे १७ इंच रुंदीची ‘सुपर जंबो’ घडवली. ‘जे-४५’ मात्र साधी, सामान्यांची. १९४२ साली तिची किंमत होती ४५ डॉलर.

कारागिराने तारा सैल केल्या, आत छोटा दिवा सोडला आणि आरसा धरून आम्हांस पाहावयास सांगितले. तो इंग्रजीत समजावू लागला. त्याचे उच्चार आमच्या कानांस नवे होते. तेव्हा चिरंजीव मराठीत सांगू लागले, “बाबा, ही पुढची तबली. स्प्रूसच्या लाकडाची, जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची. पाठ आणि बाजू महोगनीच्या. ही घोडी. आणि सगळे सांधे सरसाने जोडलेले.” तबली, घोडी, सरस हे शब्द आम्ही त्यांना कधी शिकवले नव्हते. तंबोऱ्याची दुरुस्ती चालली असता कोपऱ्यात बसून लहानपणी त्यांनी ते ऐकले असणार.

सहा पोलादी तारांचा मिळून ताण सुमारे ७० ते ८० किलोग्रॅम असतो. तेवढा भार त्या पातळ तबलीने वर्षानुवर्षे पेलायचा. म्हणून तिला आतून फुलीच्या आकारात लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात. खरे कौशल्य त्या पट्ट्यांत आहे. पट्टी जाड ठेवली तर गिटार अभंग राहते, पण बोलत नाही. फार तासली तर तबली फुगते, घोडी उखडते. जुन्या कारागिरांनी पटाशीने पट्ट्या मोडण्याच्या बेतापर्यंत तासल्या, म्हणून तबली मोकळेपणी थरथरते. त्यातून लाकूड पुष्कळ वर्षे मुरले की आवाजाला जी गोलाई येते, तिच्यासाठी लोक अशा गिटारी शोधत फिरतात. पुढे १९७० च्या दशकात याच कंपनीने मोडतोड टाळण्यासाठी दुहेरी फुली घालून गिटारी भक्कम केल्या. त्या टिकल्या, परंतु रसिकांचा जीव त्यांच्यावर तितकासा जडला नाही.

आणखी एक गोष्ट कळली. युद्धात पुरुष आघाडीवर गेले, तेव्हा या कारखान्यातील काम पुष्कळसे स्त्रियांनी चालवले. जॉन थॉमस नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकाच्या हाती १९४४ मधील एक छायाचित्र लागले. कारखान्यासमोर सुमारे ७५ स्त्रिया उभ्या! त्यांपैकी हयात असलेल्यांना शोधून त्याने त्यांच्या आठवणी लिहून ठेवल्या. कारखाना १९८४ साली बंद झाला. तेथेच राहिलेल्या काही कारागिरांनी १९८५ साली हेरिटेज या नावाने त्याच इमारतीत पुन्हा काम सुरू केले.

परतीच्या वाटेवर आम्ही गप्प होतो. तीस वर्षे मुले घडवण्याचे काम करीत आलो. मूल मोडू नये म्हणून प्रत्येक पट्टी जाड ठेवत आलो. शाळेतील मुलांचे काय झाले ते तीच जाणोत. शेजारी बसून गाडी चालवणाऱ्या मुलाबाबत मात्र आम्हांस स्पष्ट दिसत होते. तो अभंग राहिला होता, पण आमच्यापुढे त्याचा आवाज उमटत नव्हता.

आठवड्याने गिटार दुरुस्त होऊन आली. त्या रात्री दाराआड तारा वाजू लागल्या, तेव्हा आम्ही उठलो आणि दार वाजवले. तो दचकून म्हणाला, “बाबा, झोप मोडली का तुमची? थांबवतो.”

“नको. बाहेर येऊन वाजव,” आम्ही म्हणालो.

तो बाहेर येऊन बसला. त्याची आई दिवा न लावताच शेजारी येऊन टेकली. कोणते गीत होते ते आम्हांस ठाऊक नाही. जाड तारेचा स्वर खोलीभर पसरला आणि बराच वेळ रेंगाळला. वाजवून झाल्यावर त्याने आमच्याकडे पाहिले. मुख्याध्यापकाला कौतुकाचे शब्द चटकन सुचत नाहीत.

“खर्ज भरदार आहे,” आम्ही म्हणालो.

त्याने मान खाली घातली आणि पुन्हा सूर लावू लागला.