युरोपला जाताना पायऱ्या मोजा

दुबईत राहतो म्हटलं की भारतातल्या मित्रांचा शेरा ठरलेला, "तुम्हाला काय, युरोप दारातच!" आता, मुंबई-दुबई तीन तास आणि दुबई-झुरिक साडेसहा-सात तास. दार जरा लांबच आहे म्हणायचं! पण विमान निवडणं सोपं असतं. खरा प्रश्न तिथे उतरल्यावर सुरू होतो. ट्रेन, बस की गाडी?

आम्हाला हा प्रश्न आई-अण्णांसाठी सोडवायचा होता. अण्णा एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. आईचे दोन्ही गुडघे दुखरे. दुबई मेट्रोच्या स्टेशनांवर लिफ्ट आहेत म्हणून इथे ती मजेत फिरते, पण जिना दिसला की थबकते. युरोपचा विषय निघाल्यावर म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी इथेच नातवंडांजवळ राहीन." अहो, नातवंडं तर आमच्याबरोबरच येणार होती! तिला कुणावर भार व्हायचं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे कोणतं वाहन घेतो यावर आई येणार की नाही हेच ठरणार होतं.

अण्णांचं मत अर्थात बसला. त्यांना मी युरोपातला नियम सांगितला. साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला पाऊण तास विश्रांती द्यावीच लागते आणि दिवसाला साधारण नऊ तासांवर चालवता येत नाही. अण्णा खूश! "आम्हाला असं कोण देत होतं?" पण ग्रूप टूरच्या बसमध्ये सकाळी लवकर बॅगा बाहेर, जवळजवळ रोज नवं हॉटेल आणि चढ-उतार पन्नास जणांच्या वेगाने. आईला ते झेपणारं नव्हतं.

भाड्याची गाडी मला मोहात पाडत होती. दुबईत स्टिअरिंग डावीकडे आणि रस्त्याची बाजू उजवी, युरोपच्या मुख्य भूमीवरही तसंच. भारतातून थेट जाणाऱ्याला जी सवय करावी लागते ती आपल्याला असतेच. पण इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड मागाहून घरी येतो. शिवाय पार्किंग लांब, म्हणजे पुन्हा आईची पायपीट.

स्वस्त विमानांचं तिकीट बघून हरखू नका. पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोव्हे विमानतळ पॅरिसपासून ऐंशी किलोमीटरवर आहे! त्यात बसचं भाडं आणि वेळ धरा, मग स्वस्त काय ते कळेल.

शेवटी मी एक्सेलमध्ये तक्ता केला. किलोमीटर आणि पैसे होतेच, एक रकाना जास्तीचा घातला : आईला किती पायऱ्या चढाव्या लागतील? त्या रकान्यात ट्रेन जिंकली. स्टेशनं शहराच्या मध्यात, हॉटेल स्टेशनजवळ घेता येतं आणि डब्यात उठून चालता येतं. रात्रीची ट्रेन मात्र बाद, कारण बर्थवर चढणं आलं.

मार्ग ठरला : झुरिकला उतरून ल्युसर्न चार रात्री, मग फ्लोरेन्स दोन आणि रोम तीन. शेंगेन व्हिसासाठी जिथे जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज करायचा, म्हणून अर्ज इटलीकडे. आमचे अर्ज दुबईत, आई-अण्णांचे मुंबईत, कारण जिथे राहता तिथूनच करायचा असतो. दोन्हीकडे तारखा आणि बुकिंग तंतोतंत एकच ठेवा.

स्वित्झर्लंडमध्ये स्विस ट्रॅव्हल पास घेतला. त्यात ट्रेन, बस आणि तळ्यातल्या बोटीही येतात, आणि बहुतेक गाड्यांना आरक्षण लागत नाही. इटलीतल्या वेगवान गाड्यांना आरक्षण लागतंच. ती तिकिटं लवकर काढली की स्वस्त पडतात. इटलीतल्या मोठ्या स्टेशनांवर 'साला ब्लू' नावाची मदतसेवा आहे. आधी कळवलं की व्हीलचेअर मिळते, डब्यात चढायला लिफ्टही मिळते. "व्हीलचेअर कशाला, लोक काय म्हणतील?" आईचा प्रश्न. लोक काहीच म्हणाले नाहीत, वाट सोडून बाजूला झाले.

ल्युसर्नहून मिलानला जाताना गोथार्डचा बोगदा लागतो. २०१६ साली सुरू झालेला, ५७ किलोमीटर लांब. कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ नऊ करबुडे एकापुढे एक! अण्णा घड्याळ लावून बसले होते. आई नातीला मांडीवर घेऊन गाढ झोपली होती. जिला घरी ठेवून आम्ही जाणार होतो ती आल्प्सच्या पोटात घोरत होती, आणि अण्णांनी तिला उठवायचं नाही असं आम्हा सगळ्यांना खुणेने बजावलं.

तुमच्या घरी कुणी "तुम्ही जाऊन या" म्हणत असेल तर तिकिटाआधी तो पायऱ्यांचा रकाना भरून बघा. बहुतेक वेळा वाट निघते.