हरणीचं अंथरूण

कुत्र्यासाठी घेतलेली गादी, कुत्रा तिच्यावर झोपला म्हणून परत घेत नाहीत. ही गोष्ट ज्याला सांगते तो आधी हसतो. मला वर्ष उलटून गेलं तरी हसू येत नाही. ‘पाळीव प्राण्याने वापरलेली वस्तू आरोग्याच्या कारणास्तव परत घेता येत नाही,’ असं त्या कंपनीने कळवलं होतं. मग ती वापरणार कोण होतं? मी झोपून बघायचं होतं का?

हरणी कारवानी जातीची. माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, उदगीरजवळच्या शेतावरून ती पिलू असताना पिशवीत घालून आणली. आम्ही हैदराबादेत काचीगुड्याला राहतो. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे उदगीर-लातूरची माणसं इथे नि इथली तिथे, यात आमच्या पिढीलाही नवल वाटत नाही. घर जुनं, बैठं. खाली तांडूरची फरशी. ही फरशी उन्हाळ्यात जीव वाचवते, म्हणून अजून बदललेली नाही.

कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या नावाने हा कुत्रा ओळखला जातो. आपल्याकडे त्यालाच कारवानी म्हणतात. टपाल खात्याने 2005 मध्ये भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळही होता. पुढे लष्करानेही ही जात घेतली. लोक त्याच्या वेगाचं कौतुक करतात, लांब तोंडाचं करतात. पण या कुत्र्याच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते आणि केस आखूड असतात, याचा परिणाम काय होतो ते कुणी सांगत नाही. छाती खोल, पोट आत ओढलेलं, आणि कोपरं, खुबे, टाचा सगळं कातडीखाली लगेच हाताला लागणारं. असा कुत्रा दगडी फरशीवर आडवा होतो तेव्हा फरशीला मांस टेकत नाही, हाड टेकतं.

हरणी आठ वर्षांची झाली तेव्हा तिच्या डाव्या कोपरावरचे केस आधीच गेलेले होते, कातडी राखाडी, जाड झालेली. मग तिथे लिंबाएवढी गाठ आली. दाबली की मऊ, आतलं पाणी इकडून तिकडे सरकायचं. माझ्या मनात नको ते आलं. नारायणगुड्याच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी गाठ दोन बोटांत धरून बघितली आणि म्हणाल्या, ही पाण्याची गाठ आहे. कठीण जमिनीवर कोपर सतत टेकून, आणि बसताना दाणकन आपटून होते. सुई घालून पाणी काढलं तर पुन्हा भरेल, वर जंतू आत जायची भीती. औषध काही नाही. तिची झोपायची जागा बदला.

घरी येऊन सांगितलं तर अण्णा म्हणाले, “गावाकडं कुत्र्याला कुणी गादी घातली होती? हिची आई आयुष्यभर राखेत निजली.” मला राग आला. राखेत निजली, हे खरंच आहे. राखेत, कडब्यात, गोठ्याच्या मातीत. पण माती अंगासारखी होते. कुत्रा पायाने उकरतो, गोल फिरतो, आपल्या मापाचा खळगा करून घेतो. तांडूरची फरशी उकरून बघा म्हणावं. गावच्या कुत्र्याला अंथरूण नव्हतं असं नाही, त्याचं अंथरूण जमीनच होती. ती आपण काढून घेतली आणि वर म्हणायचं की कुत्र्याला गादी कशाला.

तर मी ऑनलाइन शोधून एक गादी मागवली. चार हजार तीनशे रुपयांची. नावातच सगळं छापलेलं होतं: ऑर्थोपेडिक, मेमरी फोम, म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी, सांधेदुखीवर आराम. फोटोत एक सोनेरी कुत्रा डोळे मिटून तिच्यावर हनुवटी ठेवून निजलेला. आली तेव्हा चांगलीच गुबगुबीत होती, चारी बाजूंनी कठडा, वर लोकरीसारखं मऊ कापड. हरणी गोल फिरली, बसली, झोपली. मला बरं वाटलं.

काही दिवसांतच मधे खड्डा पडला. एका रात्री ती गाढ झोपेत असताना मी तिच्या कोपराखाली, गादीच्या खालून हात घातला. माझ्या हाताची पाठ फरशीला, तळवा गादीच्या तळाला, आणि वरून तिचं कोपर मला टोचत होतं. मधे गादी म्हणून काही नव्हतंच. हात दाबून ठेवून मी कितीतरी वेळ तशीच बसले होते.

सकाळी गादी उलटी केली. चेन नव्हती. तळाची शिवण ब्लेडने उसवली. आत मेमरी फोम नव्हता, अखंड फोमच नव्हता. तुकडे होते. पिवळे, गुलाबी, करडे, सोफा कापताना उरतात तसे. एका तुकड्याला रेक्झिन चिकटलेलं, त्यावर वाळलेला डिंक. काही कापडाच्या चिंध्या, दोऱ्यांची गुंतवळ. मी सगळं जुन्या चादरीवर ओतलं आणि फोटो काढले.

त्यानंतरचा पत्रव्यवहार मला तोंडपाठ आहे. पहिल्यांदा म्हणाले, वापरलेली आहे. मी लिहिलं, वापरल्याशिवाय खड्डा कसा कळणार? मग म्हणाले, शिवण उसवल्यामुळे वस्तूशी छेडछाड झाली आहे. मी लिहिलं, शिवण उसवल्याशिवाय आत काय भरलंय ते कसं कळणार? तुम्ही चेन का लावली नाही? यावर उत्तर आलं की आतलं भरण आमच्या दर्जाप्रमाणेच आहे. हे वाचून मात्र माझे हात थरथरले. म्हणजे चुकून भलती गादी आली असं नव्हतं. यांच्याकडे ऑर्थोपेडिक म्हणजे हेच. मी विचारलं, मेमरी फोम कुठे आहे? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. ‘आपली तक्रार बंद करण्यात आली आहे.’ मग त्यांनी आपण होऊन निम्म्या किमतीचं कूपन देऊ केलं, त्यांच्याच दुकानात वापरायचं. मी नाकारलं. नवरा म्हणाला, सोडून दे ना, चार हजारांसाठी किती दिवस घालवशील. प्रश्न चार हजारांचा नव्हता. माणसाच्या गादीत चिंध्या निघाल्या असत्या तर माणूस बोंबलला असता. कुत्रा बोंबलत नाही, त्याचं कोपर सुजतं, आणि ते कुणाला दिसेपर्यंत परत करायची मुदत संपलेली असते. या भरवशावरच तो माल विकला जात होता.

शेवटी 1915 वर फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फार लोकांना ठाऊक नाही, ठाऊक असायला हवी. ई-कॉमर्सचे 2020 चे ग्राहक संरक्षण नियम आहेत, त्यांत स्पष्ट म्हटलंय की जाहिरातीत सांगितलेले गुण मालात नसतील तर तो परत घ्यायला नकार देता येत नाही. मी तेच कलम उतरवून पाठवलं. काही आठवड्यांनी पैसे खात्यात आले. सोबत एक ओळ नाही. चूक झाली, क्षमा करा, असं काही नाही. आणि ती गादी त्याच नावाने, त्याच सोनेरी कुत्र्यासकट अजून विकायला आहे. मी फोटोंसह लिहिलेला अभिप्राय तिथे दिसलाच नाही.

किलोभर कणकेच्या पुडीवर कुणी बनवली, काय आहे, किती आहे, सगळं छापावं लागतं. कुत्र्याच्या गादीवर एस, एम, एल एवढंच. फोमची डेन्सिटी का छापत नाहीत? डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. हलका फोम लवकर बसतो. 32 किंवा 40 डेन्सिटीचा फोम टिकतो. हा आकडा आणि जाडी, एवढ्या दोनच गोष्टी छापायला काय हरकत आहे? ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द छापायला शाई पुरते ना.

पुढे मी सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीतल्या एका गादीवाल्याकडे गेले. जाण्याआधी माप घेतलं होतं. हरणी दुपारी चारी पाय ताणून झोपली होती तेव्हा खडूने तिच्याभोवती फरशीवर रेघ ओढली, ती उठून गेल्यावर टेप लावला. कुत्रा उभा असताना नाकापासून शेपटीपर्यंत मोजायला सांगतात, ते मुटकुळं करून झोपणाऱ्याला चालेल. कारवानी पाय पसरतो. माझ्या रेघेत सव्वाचार फूट लांबी आली. तो कागद मी गादीवाल्यापुढे ठेवला. म्हाताराच होता. हसला नाही. “कुत्ते के वास्ते? वजन कित्ता?” एवढंच विचारलं. चोवीस किलो म्हटल्यावर त्याने फोमचे तीन-चार तुकडे समोर टाकले आणि माझं कोपर धरून एकेकावर टेकवलं. “जोर से दबाओ अम्मा. नीचे पत्थर लगा? तो ये नक्को.”

कोणत्याच दुकानात मला ही परीक्षा कुणी सांगितली नव्हती. तळव्याने दाबून बघायचं नाही, कोपराने दाबायचं. चार इंच 40 डेन्सिटीचा, वर एक इंच मऊ, असं ठरलं. मला कापसाची हवी होती. तो म्हणाला, कापूस दबतो, गोळे होतात, दर वर्षी पिंजून घ्यावा लागतो, आणि पावसाळ्यात ओल धरली की वाळत नाही. आत पाणी न शिरणारा अभ्रा, वर जाड सुती कापडाचा चेनवाला, आणि त्याच मापाचा दुसरा धुण्यापुरता. कठडा, झालर, गोंडे काही नको, शिवणी जितक्या कमी तितक्या बऱ्या, हे मीच सांगितलं. कारण गोचीड. कुत्र्याची तपकिरी गोचीड घरातच वाढते, फटीत नि शिवणीत अंडी घालते, तीही हजारांनी. हैदराबादेत गोचीडतापाने गेलेले कुत्रे मी पाहिलेत. अभ्रा गरम पाण्यात धुवून कडक उन्हात टाकता आलाच पाहिजे. लोकरीसारख्या कापडाच्या त्या आधीच्या गादीला ते जमलं नसतं.

हिवाळाभर हरणी या नव्या गादीवर झोपली. गाठ हळूहळू बसली. कातडी जाड राहिली ती राहिलीच.

मग मार्चअखेर पारा चढायला लागला आणि तिने गादी सोडली. फोम गरम होतो, हे मला कुणी सांगायला हवं होतं असं नाही. ती फरशीवर जायची, मी उचलून गादीवर आणायची, ती पुन्हा फरशीवर. एप्रिलमध्ये चाळीसच्या वर गेल्यावर तर ती माझ्याकडे बघायचीही नाही. अण्णा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माळ्यावरची नवारीची जुनी बाज काढून त्यांनी सुताराकडून तिचे पाय वीतभर ठेवून कापून आणले, नवार ओढून ताणली, वर एक पातळ गोधडी घातली. खालून वारा खेळतो. हरणी त्याच रात्री चढली.

अण्णांवर मी तेव्हा रागावले होते ते आजही मला बरोबरच वाटतं. तरी दुपारी ती फरशीवर गेली की आता मी उठवत नाही. उकाड्यात ती सपाट कुशीवर पडते, कोपरावर भार नसतो. बसताना आपटते तेवढ्या जागी एक पोतं घालून ठेवलंय. म्हणजे आमच्या घरात एका कुत्रीची तीन अंथरुणं झाली, आणि जिला मी विरोध केला ती फरशीही त्यात आली. आधी मी म्हणायची, गादी चांगली असली की झालं. आता तसं म्हणवत नाही.

परवा बरकतपुऱ्याच्या एक बाई त्यांच्या लॅब्राडोरसाठी विचारायला आल्या. ऑनलाइन घेऊच नका असं मी त्यांना सांगितलं नाही; सगळ्यांना गादीवाला कुठून मिळणार. एवढंच म्हटलं की चेन नसेल तर घेऊ नका, खोका आला की कुत्र्याने पाय ठेवायच्या आत चेन उघडून आतल्या फोमचे फोटो काढा, आणि कोपराने दाबा. लॅब्राडोर जड, त्याला चारऐवजी पाच-सहा इंच लागेल. त्यांनी विचारलं, मग कापसाची नकोच का? मी नको म्हणाले. अण्णा आतून म्हणाले, सावरीच्या कापसाची घ्या, हलकी असते, ओल धरत नाही. मी म्हटलं, ती चेपते. ते म्हणाले, नाही चेपत. त्या बाई चहा पिऊन गेल्या, आमचं अजून चालूच आहे.