संगणक म्हणाला 'सेफ', मातीने ऐकलं नाही

शेजारच्या प्लॉटवर बेसमेंटसाठी खोल खड्डा खणतात, आपल्या कंपाउंडला तडे जातात. सोसायटीने विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "काळजी करू नका, सॉफ्टवेअरमध्ये सगळं चेक केलंय." मी माती आणि पायांच्या डिझाइनचंच काम करतो. हे वाक्य ऐकलं की मला सिंगापूरचा निकोल हायवे आठवतो.

२० एप्रिल २००४. मेट्रोच्या सर्कल लाइनसाठी तिथे सुमारे ३० मीटर खोल खोदकाम झालं होतं. दुपारी साडेतीनच्या सुमारास आधाराचे लोखंडी स्ट्रट निकामी झाले, भिंती आत आल्या, शेजारचा हायवे खचला. चार माणसं गेली.

गणित केलं नव्हतं असं नाही. पण खाडीकाठची मऊ चिकणमाती भराभर ताण आला की वेगळी वागते. आतल्या पाण्याला निघून जायला वेळच मिळत नाही, त्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सैल होते. वापरलेल्या मॉडेलमध्ये हे नीट उतरत नव्हतं. म्हणून कागदावर माती होती त्याहून मजबूत दिसली आणि भिंतीचं वाकणं कमी. त्यात स्ट्रटचे जोडही कमकुवत.

तरी वाचायची संधी होती. भिंत किती सरकते याची मोजमापं सुरू होती. आकडे मर्यादेबाहेर गेले, तेव्हा नवं गणित मांडून मर्यादाच वाढवली! चौकशी समितीने यावर स्पष्ट बोट ठेवलं.

सॉफ्टवेअर खोटं बोलत नाही हो. आपण जशी माती सांगू, तसं ते उत्तर देतं. खरी माती काय म्हणते ते मोजमापच सांगतं.

मऊ सागरी चिकणमाती आपल्याकडेही आहे, ठाणे खाडीच्या दोन्ही काठांना. तेव्हा शेजारी खोदकाम निघालं तर तीन प्रश्न लेखी विचारा. बोअरहोल आमच्या बाजूला घेतलं का? भिंतीचं सरकणं कोण, किती दिवसांनी मोजतं? आणि आकडा मर्यादेपुढे गेला तर काम थांबवायचा अधिकार नक्की कोणाला?

तिसऱ्या प्रश्नावर सगळे एकमेकांकडे बघू लागले, तर समजा की काळजी करायची वेळ आली आहे.