आरएस की साधी?

भाच्याला जुनी ऑक्टाव्हिया घ्यायचीय. घरात लगेच दोन तट पडले: एक १.८ टीएसआयचा, दुसरा २०१७ साली आपल्याकडे आलेल्या आरएस २३०चा. (ताईचा तिसरा. "एसटी आहे की!")

कागदावर फरक सरळ आहे. साध्या गाडीची ताकद १८० पीएस, आरएसची २३०. पोरगं इथेच थांबतं. मी मात्र गिअरबॉक्सपाशी अडतो. साधीत सात गिअरची डीएसजी, तिचे क्लच कोरडे. आरएसची सहा गिअरची, तिचे क्लच तेलात बुडालेले. म्हणून दर साठ हजार किलोमीटरला ते तेल आणि फिल्टर बदलायलाच हवं. खर्चिक काम, त्यामुळे विकायला काढलेल्या गाडीत हमखास टाळलेलं!

त्याहून मला धास्ती ब्रेक ऑइलची. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस; पाणी मुरल्यावरचं प्रमाण १५५ इतकंच. वरंधा घाट उतरताना ब्रेक तापले, तेलात वाफेचे बुडबुडे झाले, की पेडल थेट तळाला जातं. आणि शेजारच्या सीटवर ताई असणार. दर दोन वर्षांनी बदलायचं हे तेल, खर्चही फारसा नाही. तरी कोणी विचारत नाही.

माझं मत आरएसलाच, पण बिलं पाहून. बिलं नसतील तर साधी बरी, आणि तिचंही ब्रेक ऑइल पहिल्याच दिवशी बदलायचं.

भाच्याने मालकाकडे बिलं मागितली. "गाडी एकदम मक्खन आहे," असं उत्तर आलंय. बिलं अजून यायचीत.