सरांसाठी शिवलेली थैली

भवानी पेठेतून आम्ही दोघी बहिणी चार वर्षे सदाशिव पेठेत सरांकडे चित्रकला शिकायला जात होतो. टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयापासून त्यांचे घर पायी जाण्याइतके जवळ.

माणसांची, प्राण्यांची चित्रे काढलेली अब्बांना रुचत नसत. सरांना हे कसे सांगायचे, याचा अम्मीला घोर होता. सरांनी ऐकून घेतले. ‘एलिमेंटरीला संकल्पचित्र आणि भूमितीही असते. तिथून सुरुवात करू,’ म्हणाले. वर्तुळ काढायचे, तीच त्रिज्या ठेवून परिघावर सहा खुणा करायच्या, प्रत्येक खुणेवरून वर्तुळाच्या आत कंस ओढायचा. सहा पाकळ्यांचे फूल तयार! ती वही पाहून अब्बांनी स्वतःच रंगपेटी आणून दिली.

यंदा सरांनी वर्ग बंद केला. हात थरथरतात. विकतची भेट ते घेत नाहीत. मग आम्ही ब्रश ठेवायला मांजरपाटाची थैली शिवली. आत अम्मीच्या जुन्या ओढणीचे अस्तर, बारीक ब्रशांना अरुंद कप्पे, चपट्यांना रुंद. थरथरत्या बोटांना गाठ सुटणार नाही, म्हणून नाडीऐवजी मोठे बटण. वर धावदोऱ्याने तेच फूल.

सरांनी पाकळ्यांवरून बोट फिरवले. ‘कंस जुळलेत,’ एवढेच म्हणाले.

जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. मुलांच्या शिक्षकांना काही द्यायचे असेल, तर त्यांनी शिकवलेलेच मुलांच्या हातून करवून घ्या.