तितेपातीवरचा मावा

न्यू जलपाईगुडीहून निघालेली जीप सुखियापोखरी ओलांडून मानेभंज्यांगला पोचली, तेव्हा गावावर धुकं उतरलं होतं. इथून वर सिंगालिलाचं राष्ट्रीय उद्यान आणि 3636 मीटरवरचं संदकफू. एप्रिलात माणसं येतात ती गुरांसाची, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची, लाल फुलं आणि कांचनजंगा बघायला. माझी कीटकशास्त्रज्ञ मैत्रीण मात्र उद्यानाच्या हद्दीबाहेर, रस्त्याकडेच्या झुडपांची पानं उलटून बघत चालली होती. तिला मावा हवा होता.

मावा तर आपल्या वालावर, मोहरीवरही पडतो. मग इतक्या लांब कशाला? माव्याच्या पाच हजारांहून जास्त जाती जगात नोंदल्या गेल्या आहेत, त्यातल्या बहुतेक समशीतोष्ण मुलखातल्या. भारतातही त्यांचं वैविध्य हिमालयात एकवटलेलं. डी. एन. रायचौधुरींनी संपादित केलेला ईशान्य भारत आणि भूतानमधल्या माव्यांवरचा ग्रंथ 1980 साली निघाला. या डोंगरांत काम करणारे आजही तो उघडतात.

एका वळणावर ती थांबली. कंबरभर उंचीचं, उग्र वासाचं झुडूप. चहाच्या टपरीवरच्या दिदींनी नाव सांगितलं, तितेपाती. चुरगळलेल्या पानाचा वास घेतला आणि ओळख पटली: हा तर आपल्या दवण्याचा चुलतभाऊ! कोवळ्या शेंड्याला काळपट मावे चिकटून बसले होते. मॅक्रोसायफोनिएला या प्रजातीतले बरेच मावे याच गणगोतातल्या झाडांवर जगतात. म्हणून आधी झाड ओळखायचं. ते चुकलं की पुढचं सगळं चुकतं. तिने फांदी वर्तमानपत्रात दाबली, ओल्या ब्रशने मावे अल्कोहोलच्या कुपीत उतरवले आणि चिठ्ठीवर पेन्सिलीने ठिकाण, तारीख, उंची लिहिली. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

“नवीन जात आहे का?” मी विचारलं.

“ते इथे कळत नाही,” ती हसली.

रात्री मुक्कामाच्या खोलीत तिने पुढचं समजावलं. कॉस्टिकच्या द्रावणात तापवून माव्याच्या पोटातला ऐवज काढायचा, उरलेलं पारदर्शक कवच कॅनडा बाल्समखाली काचेवर बसवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायला बसायचं: मिशांचे खंड, पाठीमागच्या दोन नळ्यांची लांबी, शेपटीवरचे केस, सोंडेचं टोक मागच्या पायाच्या शेवटच्या पेराच्या किती पट. माव्याच्या माद्या नराशिवायच जिवंत पिल्लं घालतात, ऋतूनुसार त्यांचं रूप पालटतं, काही जाती झाडही बदलतात. त्यामुळे पंख असलेली आणि नसलेली अशी दोन्ही रूपं लागतात. आधी वर्णन झालेल्या प्रत्येक जवळच्या जातीशी ताडून फरक टिकला, तरच नवं नाव. आणि एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा प्रमाण नमुना, म्हणून संग्रहालयात कायमचा.

हा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर आपल्याकडेच आहे. 2002 साली सांगली भागातल्या उसावर लोकरी मावा पडला आणि शेतकरी हवालदिल झाले. पण त्या किडीचं वर्णन जावामध्ये 1897 सालीच होऊन गेलं होतं. ओळख पटताच इतरत्र तिच्याबद्दल लिहिलेलं सारं हाताशी आलं. रानातला आजचा बिनमहत्त्वाचा मावा उद्या पिकावर उतरू शकतो. प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी वर्गीकरणाचं हे काम जरूर निवडावं. तिथे माणसं फार कमी आहेत.